जुन्या मॅसीला बाहेरून हायड्रॉलिक: आधी हिशोब, मग वेल्डिंग

प्रश्न : मिस्त्री काका, नमस्कार. आमच्या घरी आजोबांच्या काळातली मॅसी 1035 ट्रॅक्टर आहे, इंजिन अजून ठणठणीत. या उन्हाळ्यात तलावातला गाळ रानात टाकायचाय आणि दरवेळी चार माणसं फावडी घेऊन ट्रॉलीवर चढवायची म्हणलं की मजुरीच परवडत नाही, म्हणून साध्या ट्रॉलीला तेलाच्या दाबावर चालणारा जॅक बसवून टिपिंग (पुढून उचलून मागं रिकामी) करायचा विचार आहे. जालन्याच्या भंगारातून हार्वेस्टरचा 16 सीसीचा (एका फेऱ्याला 16 घन सेंमी तेल देणारा) गिअर पंप, दोन दांड्यांचा व्हॉल्व आणि जेसीबीचा एक जॅक आणलाय (आतला व्यास 80 मिमी, दांडा 500 मिमी बाहेर येतो). तेल ट्रॅक्टरच्या लिफ्टमधनंच (मागचे अवजार उचलायचे हात) काढू का पंप वेगळा बसवू? आणि पुढं यावरच पलटी नांगर चालंल का?
— एक वाचक, ता. अंबाजोगाई

उत्तर : पलटी नांगराचं आधी मिटवतो. 35 घोड्याच्या गाडीला काळ्या रानात दोन फाळी पलटी ओढत नाही, आणि नांगर उचलला की पुढची चाकं हवेत. तो विषय सोड.

आता लिफ्टमधून तेल काढायचं. लाईन निघते, मी स्वतः काढून दिलेल्या आहेत. पण जुन्या मॅसीची लिफ्ट जरा वेगळी असती, तिचा चार पिस्टनचा पंप मागच्या हाऊसिंगमध्ये तेलात बुडालेला असतोय आणि तो पीटीओच्या (मागं अवजार फिरवायला बाहेर आलेला दांडा) शाफ्टवर फिरतोय. कंट्रोल व्हॉल्व पंपाच्या तेल ओढायच्या बाजूला बसवलेला, म्हणजे लिफ्टनं मागितलं तरच पंप तेल देणार आणि लिफ्टचे हात वर पोचले की बंद. मग ट्रॉली उचलायची तर लिफ्टचे हात साखळीनं खाली बांधून ठेवावे लागतात, नाहीतर हात वर जातात आणि ट्रॉली जागची हालत नाही. त्यात गाडी सिंगल क्लचची असली तर क्लच दाबला की पंपही थांबला. आणि माझ्या दृष्टीनं खरी भीती निराळीच आहे, लिफ्टचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच. भंगारातल्या जॅकमध्ये साचलेलं पाणी, गंज, कचरा सगळा फिरून तुझ्या गिअरमध्ये येणार. आजोबांची गाडी ठणठणीत म्हणतोस ना, मग तिच्या पोटात हात घालू नको. पंप वेगळाच बसव, टाकी वेगळीच कर.

पण त्याच्या आधी वही-पेन घेऊन बस. एक ब्रास (शंभर घनफूट) ओला गाळ म्हणजे साडेचार-पाच टन. तुझा जॅक 80 मिमीचा, म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ 50 चौ. सेंमी, त्यावर 150 बारचा दाब धरला तर साडेसात टनाचा जोर. वाटतंय की झालं काम. पण ट्रॉली मागच्या बिजागरीवर उचलते, वजनाचा मध्य बिजागरीपासून दीड मीटरवर आणि जॅक एक मीटरवर लावला तर 5 टनाला साडेसात टन लागलेच, वर सुरुवातीला जॅक आडवा पडलेला असतो. 45 अंशात असला तर हाच आकडा साडेदहा टनावर जातो. एका जॅकनं ट्रॉली उचलत नाही आणि गडी म्हणतो पंप खराब आहे! तशाच मापाचा दुसरा जॅक शोध आणि दोन्ही एकाच लाईनवर शेजारी शेजारी लाव, नाहीतर गाळ निम्माच भर.

पंप कुठं जोडायचा? लोक इंजिनच्या पुढच्या पुलीवर बेल्ट टाकतात. मीही एकदा टाकला होता, बेल्ट थेट पंपाच्या शाफ्टवर, आणि दोन महिन्यांत शाफ्टचं सील गेलं, आतले बुश अंडाकृती झाले. गिअर पंपाच्या शाफ्टला बाजूनं ओढलेलं सहन होत नाही, मधी बेअरिंगचा आधार द्यावा लागतो. तुला त्याची गरजच नाही, ट्रॉली ओढताना पीटीओ रिकामाच असतोय, तिथंच लाव. 540 आरपीएमला 16 सीसीचा पंप मिनिटाला साडेआठ लिटर देतोय, दोन जॅकला 5 लिटर लागणार, म्हणजे 35-40 सेकंदात ट्रॉली उभी. तेवढ्यात तंबाखू मळून होती. घाई कामून?

जुन्या रोटाव्हेटरच्या शाफ्टचं सहा खाचांचं टोक घेऊन कपलिंगला जोड, आणि पंप स्वतःच फिरू नये म्हणून त्याच्या ब्रॅकेटला साखळी बांध. पण एक बघ, पीटीओ मागून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, पंप त्याच्याकडं तोंड करून बसणार, म्हणून पंपाच्या शाफ्टकडून बघितल्यावर फिरणं उलटं होतं. डाव्या फिरकीचाच पंप लागतो. उजव्या फिरकीचा लावलास तर दाब सीलवर येतो आणि पहिल्याच दिवशी तेल बाहेर.

पंप खोलून बघितलास का? ओढायच्या बाजूला बॉडीवर गिअरनं घासलेली रेघ असते. थोडी रेघ नव्यालाही असते, पण नख अडकण्याएवढी पायरी झाली असली तर तो परत दे, 540 वर असला पंप दाबच धरत नाही. व्हॉल्वची परीक्षा आणखी सोपी : दांड्या मधोमध ठेवून इनलेटात फुंक मार. हवा टाकीच्या तोंडातून सरळ निघाली तर तो तुझ्या कामाचा. अडली तर तो दुसऱ्या जातीचा आहे, तो लावलास तर पंप कायम दाबाखाली राहणार आणि आपल्याकडच्या 42 डिग्रीत तेलाचं पाणी होणार. व्हॉल्वमधला रिलीफ (जादा दाब सोडणारा स्क्रू) गेज लावून 150 बारवर आण, अंदाजानं पिळू नको.

पाईप मात्र भंगारातले नकोत. दोन तारांच्या जाळीचा, आर-2 म्हणून छापलेला अर्ध्या इंची होज नवा घे. जीआयचे नळाचे एल्बो तर लावूच नको, माझ्या डोळ्यासमोर एक फुटलाय. आट्यांना सील टेपही नको, तिचा एवढासा तुकडा स्पूलमध्ये (व्हॉल्वच्या आत सरकणारी कांडी) अडकला होता, दांडी मधी आली पण ट्रॉली काही थांबेना. टाकी 25 लिटरची, साध्या पत्र्याची (गॅल्व्हनाइज नको), तेल हायड्रॉलिकचं 68 नंबरचं, परतीच्या लाईनला फिल्टर नवा.

कुठं बारीक फवारा उडताना दिसला तर बोट लावून बघू नको, पुठ्ठा धर. दाबातलं तेल कातडीतून आत घुसतंय, वर फक्त टोचल्यासारखं दिसतं. तसं झालंच तर दुखायची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठ. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली शिरायचं असलं तर आधी लोखंडी टेकू, मग माणूस.

प्रश्न : काका, आमच्या ट्रॅक्टरची लिफ्ट सकाळी पेरणीयंत्र छान धरते, दुपारी हळूहळू खाली बसते.
— एक वाचक, औसा

उत्तर : तेल तापून पातळ झालं की आतल्या आत गळतंय. आधी तेलाची पातळी आणि रंग बघा, दुधाळ असेल तर पाणी गेलंय, बदला. तेल चांगलं असूनही बसत असेल तर लिफ्टच्या पिस्टनची रिंग किंवा आतले ओ-रिंग गेलेत. कव्हर उचलायला लागणारच, तर सगळे ओ-रिंग एकदमच नवे टाकून घ्या.