सासूबाईंपासून मुलांपर्यंत सगळ्यांना जमतील असे हात हलवून खेळायचे व्हिडिओ गेम घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की घरात दोन शाळकरी मुलं आहेत, सत्तरीतल्या सासूबाई आहेत, हॉल लहान आहे. अशा घरात रिमोट हलवून खेळायचे गेम आणण्यात अर्थ आहे का, की महिन्याभरात ते कपाटात जातील?

कपाटात जातील. आमचेही गेले. तरी घ्या असंच सांगेन, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणाला तरी आठवण होते, खोकं खाली निघतं आणि त्या संध्याकाळी घरातली सगळी माणसं एका खोलीत असतात. रोज खेळलं जाईल या हिशोबाने पैसे घालणार असाल तर मात्र थांबा.

आमच्याकडे वी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, आला तो भावाकडून. त्याने नवीन कन्सोल घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला. (निन्टेन्डो कंपनीचा वी २००६ सालचा. हातातला रिमोट फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरते, हे घराघरांत नेलं ते त्यानेच. दहा कोटींहून जास्त विकले गेले.) माझी आई तेव्हा ७१ वर्षांची. टीव्हीच्या रिमोटवरची तीन बटणं तिच्या ओळखीची, बाकीची तिच्या लेखी नक्षी.

सोपं असेल म्हणून तिला आधी बोलिंग दिलं. चुकलं माझं. त्यात रिमोटच्या पोटाखालचं बटण दाबून धरायचं, हात मागून पुढे आणायचा आणि नेमक्या क्षणी बटण सोडायचं. तिने हात मागे नेतानाच सोडलं. बॉल मागे उभ्या असलेल्या मंडळींत जाऊन आदळला आणि ती सगळी टुणकन उडाली. (हे गेम करणाऱ्यांनी मुद्दाम घातलंय, त्यांना दाद द्यायला हवी.) आई हसत हसत खाली बसली. पुढचे दोन बॉल तिने जाणूनबुजून मागे टाकले.

टेनिस मात्र तिला पाच मिनिटांत जमलं. खऱ्या आयुष्यात टेनिस किती अवघड! पण या गेममध्ये पळायचं काम पडद्यावरचा खेळाडू आपणहून करतो, आपण फक्त वेळेवर हात फिरवायचा. बटण लागतच नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हापासून कुठलाही गेम आणताना मी आधी एवढंच बघते की खेळताना बटणं किती दाबावी लागतात. एखादं असेल तर मोठी माणसं खेळतात. दोन-तीन झाली की 'तुम्ही खेळा, आम्ही बघतो' सुरू होतं, आणि 'आम्ही बघतो' म्हणणारं माणूस दहा मिनिटांत उठून आत जातं. चित्रं किती सुंदर, गेम किती नवा, याने आमच्या घरात तरी काही फरक पडला नाही.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच करून टाका, आम्हाला ती उशिरा सुचली. नवऱ्याचा प्रत्येक फटका उशिरा जायचा. मुलं त्याला 'बाबा, वय झालं' म्हणून चिडवायची, मीही सामील. आठवड्याने कळलं की दोष टीव्हीचा होता. आजकालचे टीव्ही चित्र जास्त चांगलं दिसावं म्हणून त्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. सेकंदाचा दहावा भाग ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात चेंडू निघून गेलेला असतो. मुलांनी नकळत थोडा आधी हात फिरवायची सवय लावून घेतली होती, नवरा प्रामाणिकपणे चेंडू बघून मारत होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू करा. आम्ही चालू केला त्या रात्री त्याने तिघांनाही हरवलं आणि मग ते आम्हाला बरेच दिवस ऐकून घ्यावं लागलं.

रिमोटला आपला हात दिसत असेल असं मला वाटायचं. तसं नाही. त्याच्या आत अॅक्सेलरोमीटर असतो, त्याला झटका आणि रिमोटचा कल तेवढा कळतो. म्हणून सोफ्यावर लोळून मनगट हलवलं तरी टेनिस खेळता येतं, आणि हा शोध माझ्या मुलाने दुसऱ्याच दिवशी लावला. पुढे २००९ मध्ये रिमोटला लावायचा मोशन प्लस नावाचा जोड आला. त्यात जायरोस्कोप असल्यामुळे मनगट कुठल्या दिशेला किती वळलं हे नीट कळायला लागलं. टीव्हीपाशी ठेवायच्या पट्टीची गंमत तर याहून मोठी. तिला सगळे सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नाहीच. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) दिवे असतात आणि ते बघणारा कॅमेरा रिमोटच्या नाकावर असतो. आमच्या पट्टीची वायर मुलीच्या पायात अडकून तुटली, तेव्हा मी टीव्हीसमोर थोड्या अंतरावर दोन मेणबत्त्या लावल्या (ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतं) आणि गेम निवडायचा पडद्यावरचा हात परत हलायला लागला. मुलीला वाटलं आईला जादू येते. (रोज करायचा उद्योग नव्हे हा. मेणबत्त्या आणि हातवारे एका खोलीत नकोत.) उन्हातही इन्फ्रारेड असतं, म्हणून समोरून ऊन येत असेल तर खिडकीचा पडदा ओढून घ्या.

लहान हॉलचं म्हणाल, तर हातात काहीच न धरता खेळायचा किनेक्ट नावाचा कॅमेरा तुमच्यासाठी नाही. मायक्रोसॉफ्टने तो २०१० मध्ये आणला, समोरच्या माणसाचं अख्खं शरीर तो ओळखायचा. पण एकट्याला खेळायलाही त्याच्यापासून साधारण ६ फूट लांब उभं राहावं लागतं, दोघांना ८ फूट. २०१७ मध्ये त्याचं उत्पादनही थांबलं, त्यामुळे जुना कोणी स्वस्तात देत असेल तर आधी टेपने हॉल मोजा. रिमोटवाल्या गेमला इतकी जागा लागत नाही. प्रत्येकाने दोन्ही हात पसरून गरकन फिरावं आणि कोणाला काही लागू नये, एवढं पुरतं. टीपॉय आधी बाहेर काढा. आमच्या टीपॉयच्या कोपऱ्याने नवऱ्याच्या नडगीवर खूण ठेवली आहे.

आणि मनगटाचा पट्टा. मोठी माणसंच तो घालायचा कंटाळा करतात. वी बाजारात आला त्याच वर्षीच्या डिसेंबरात लोकांच्या हातून रिमोट इतके उडाले की निन्टेन्डोने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यायची तयारी दाखवली. आमच्याकडे नियम आहे, पट्टा नाही तर पाळी नाही. आईलासुद्धा.

व्यायाम होतो का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. बसून खेळण्यापेक्षा होतो, मैदानावर खेळण्याइतका नाही. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांवरचा एक अभ्यास आला होता, त्याचाही निष्कर्ष असाच होता. मात्र दुखणं अगदी खरं होऊ शकतं. त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २९ वर्षांच्या डॉक्टरच्या दुखऱ्या खांद्याची हकीकत छापून आली. आदल्या दिवशी तासन्‌तास वीवर टेनिस खेळून स्नायूबंध सुजला होता, आणि त्या दुखण्याचं नाव ठेवलं होतं 'वीआयटिस'. आमच्याकडे बॉक्सिंगनंतर दुसऱ्या दिवशी नवऱ्याला शर्टाची बाही चढवता येत नव्हती. सासूबाईंना बॉक्सिंग देऊ नका. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून टेनिस, बोलिंग आरामात होतं.

नवीन घेणार असाल तर निन्टेन्डो स्विच बघा. त्याच्या दोन जॉयकॉनपैकी (म्हणजे त्याच्या छोट्या रिमोटपैकी) एकेक हातात घेऊन दोघं खेळू शकतात, चौघांना एकदम खेळायचं तर आणखी एक जोडी लागते. स्विच स्पोर्ट्स हा २०२२ सालचा गेम त्यासाठीच आहे. पण स्वस्त दिसतो म्हणून स्विच लाइट घेऊ नका, तो टीव्हीला जोडताच येत नाही. नाच आवडत असेल तर जस्ट डान्समध्ये मोबाइलच हातात धरून नाचता येतं, जास्तीचे रिमोट लागत नाहीत.

जुना वी मिळाला तर घेण्याआधी रिमोटचा सेलचा कप्पा उघडून बघा. आणि तुमच्याकडे तो कपाटात जाईल तेव्हा सेल आठवणीने काढून ठेवा. आमचे एकदा आत राहिले, गळले, आणि अख्खी संध्याकाळ मी कान कोरायच्या काडीने पत्र्या घासत बसले होते. बाहेर आई पट्टा घालून तयार.