'शिकारी पक्षी' की 'शिकारीचे पक्षी'? हंगाम, बंदी आणि परवाना या शब्दांविषयी

प्रश्न असा आला आहे: ब्रिटिश अमदानीतल्या शिकारीच्या नियमांबद्दल मराठीत लिहिताना 'गेम बर्ड'साठी 'शिकारी पक्षी' म्हणावे का? 'क्लोज सीझन' किंवा 'क्लोज टाइम'ला, म्हणजे ज्या दिवसांत शिकारीला मनाई असते त्या काळाला, 'बंद हंगाम' चालेल का? आणि लायसन्स म्हणजे परवाना की अनुज्ञप्ती? प्रश्नकर्त्यांनी आपले वाक्यही दिले आहे: 'शिकारी पक्ष्यांच्या बंद हंगामात परवानाधारकांनाही त्यांना मारता येत नसे.'

वाक्य व्याकरणात बसते, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ससाणा उभा राहतो आणि नियम होते ते तितराचे. 'शिकारी पक्षी' म्हणजे शिकार करणारा पक्षी: ससाणा, बहिरी, शिक्रा, गरुड. तितर, लावा, रानकोंबडा, भटतितर यांची शिकार होते, म्हणून ते 'शिकारीचे पक्षी'. एका 'चे'ने मारणारा आणि मरणारा यांची अदलाबदल होते. बाज पाळून शिकार करणाऱ्यांच्या बाबतीत तर दोघे एकाच वाक्यात येतात: शिकारी पक्ष्याने शिकारीचा पक्षी धरला. तिथे दोघांना एकच नाव दिले, तर कोणी कोणाला धरले ते कळणारच नाही.

तरीही ही गफलत सुशिक्षित माणसांकडून वारंवार होते. माझ्या मते त्याचे मूळ खुद्द 'शिकारी' या विशेषणात आहे. निर्जीव वस्तूला ते लागले की अर्थ होतो 'शिकारीच्या उपयोगाचा': शिकारी बूट, शिकारी टोपी, शिकारी बंदूक. बुटाने कोणाला मारले असे कोणी समजत नाही. सजीवाला लागले की मात्र तेच विशेषण कर्त्याचे होते: शिकारी कुत्रा, शिकारी मांजर. 'शिकारी बूट' डोक्यात ठेवून 'शिकारी पक्षी' लिहिले की चूक झालीच. 'शिकारी हरीण' असे म्हणून पाहा, कानाला लगेच खटकेल. पक्ष्यांच्या बाबतीत खटकत नाही, कारण खरोखरचे शिकारी पक्षी अस्तित्वात आहेत आणि शब्द ओळखीचा वाटतो.

'मृगयापक्षी' हा पर्याय कुणी सुचवतात. अर्थ बरोबर आहे, पण इतक्या सोवळ्या शब्दाची मला गरज वाटत नाही. 'सावज' हा अस्सल शब्द आहे, श्वापदावरून आलेला. पण तो नेम धरलेल्या एकेका प्राण्याला शोभतो, एखाद्या वर्गाचे नाव म्हणून नाही. 'लहान शिकार' आणि 'मोठी शिकार' हे प्रयोग मात्र मराठीत सहज रुळतात, कारण आपल्याकडे शिकार ही क्रियाही आहे आणि हाती लागलेला प्राणीही. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या मूळ अनुसूचींत 'स्पेशल गेम', 'बिग गेम' आणि 'स्मॉल गेम' असे तीन वर्ग होते. ते 'विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार' असे लिहिले की कुठेही अडखळायला होत नाही.

आता थोडे थांबून कायद्याकडे पाहू, कारण इथे शब्दकोशातला अर्थ पुरत नाही. इंग्लंडच्या 1831 च्या गेम अ‍ॅक्टमध्ये 'गेम' म्हणजे काय हे वर्णन करून नाही, यादी देऊन सांगितले आहे: ससे, फेझंट, पार्ट्रिज, ग्राउझ आणि त्यांचे भाईबंद, शिवाय बस्टर्ड, म्हणजे आपल्या माळढोकाच्या कुळातला तिकडचा पक्षी. ससा पक्षी नाही, तरी 'गेम'मध्ये आहे. म्हणजे या कायद्यातल्या 'गेम'ला 'शिकारीचे पक्षी' म्हटले की ससा बाहेर पडतो. तिथे 'कायद्याने ठरवलेली शिकार' असेच लिहावे लागेल. त्याच कायद्याने यातल्या पक्ष्यांच्या तारखा बांधून दिल्या. ग्राउझ मारायला 12 ऑगस्टपासून मोकळीक, पार्ट्रिजला 1 सप्टेंबरपासून, फेझंटला 1 ऑक्टोबरपासून. बस्टर्डला 1 मार्च ते 1 सप्टेंबर बंदी होती. आणि हाच पक्षी 1832 च्या सुमारास, म्हणजे कायदा होतो न होतो तोच, ब्रिटनमधून नाहीसा झाला. तारखा लिहून झाल्या, पण त्या ज्याच्यासाठी होत्या तो उरला नव्हता. आज महाराष्ट्रात माळढोकाची जी स्थिती आहे ती पाहता हा तपशील मला नेहमी अस्वस्थ करतो.

हिंदुस्थानात 1912 साली वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा आला. त्याचीही अनुसूची वाचण्यासारखी आहे: माळढोक, बदके, तणमोर, रानकोंबडे, तितर, मोर, फेझंट, कबुतरे, लावे, भटतितर, रंगीत पाणलावा, चकोत्री, वुडकॉक. इथपर्यंत सगळे बंदुकीचे आणि ताटातले गिऱ्हाईक. पण त्याच ओळीत पुढे बगळे, नीलपंख आणि खंड्या येतात. खंड्याला खाण्यासाठी कोण मारतो? या पक्ष्यांना धोका होता तो पिसांच्या व्यापाराचा. युरोपातल्या स्त्रियांच्या टोप्यांवर खोचण्यासाठी बगळ्यांचे तुरे जात. हे तुरे विणीच्या दिवसांतच फुटतात, म्हणजे बगळा मारला जायचा तो नेमका घरट्यात पिल्ले असताना. पिसांच्या निर्यातीवर 1902 मध्येच बंदी आली होती, दहा वर्षांनी या पक्ष्यांची नावे कायद्याच्या यादीत आली. म्हणून 1912 च्या कायद्याबद्दल लिहिताना सरसकट 'शिकारीचे पक्षी' लिहू नये. त्या कायद्याचा शब्द 'वाइल्ड बर्ड' आहे. 'वन्य पक्षी' किंवा साधे 'रानपक्षी' लिहावे.

याच यादीत आणखी एक बारकावा आहे. पाणलाव्यांपैकी फक्त 'रंगीत पाणलावा' घेतला आहे. तो इथेच वीण करतो, शिकाऱ्यांचा आवडता साधा पाणलावा हिवाळी पाहुणा आहे. ज्याचे घरटे इथे, त्याच्यासाठी इथे बंदी, असा हिशेब त्यामागे असावा असे मी समजतो.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'बंद हंगाम' लिहू नये. 'हंगाम' हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ वेळ, समय. मराठीत मात्र त्याला कामाच्या लगबगीचा अर्थ चिकटला आहे. पेरणीचा हंगाम, आंब्याचा हंगाम, लग्नाचा हंगाम. हंगाम म्हणजे काहीतरी जोरात चालू असण्याचे दिवस. 'हंगाम बंद झाला' हे ठीक, पण 'बंद हंगाम' ऐकून कुणालाही वाटेल की दुकान बंद पडावे तसे काहीतरी झाले. मग कोळी बांधव काय म्हणतात ते पाहा. पावसाळ्यात मासेमारी थांबते, त्याला ते आणि सरकार दोघेही 'बंदी' म्हणतात: बंदी लागली, बंदी उठली, बंदीचा काळ. शब्द तयार आहे, वापरात आहे, तोच उचलावा. 'क्लोज टाइम' म्हणजे 'बंदीचा काळ'.

'शिकारबंदीचा काळ' म्हणायला हरकत नाही, पण 1912 च्या कायद्यापुरते ते अपुरे पडते. त्या कायद्यात स्थानिक सरकारने अधिसूचना काढून एखाद्या जातीसाठी वर्षाचा काही भाग किंवा सबंध वर्ष 'क्लोज टाइम' जाहीर करायचे. मादीपुरते किंवा वाढ न झालेल्या पक्ष्यांपुरतेही ते करता येई. आणि त्या काळात मारणे-पकडणेच नव्हे, बंदीच्या दिवसांत मारलेला पक्षी किंवा त्याचे मांस विकणे, विकत घेणे, जवळ बाळगणेही गुन्हा होता. पहिल्या गुन्ह्याला 50 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे बंदी रानापुरती नव्हती, बाजारालाही होती. त्याआधीचा 1887 चा कायदा तर मुख्यतः बाजारावरच बेतलेला: नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत, विणीच्या हंगामात, ताजा मारलेला पक्षी विकू किंवा बाळगू नये. रानात कोण पाहायला जाणार? टोपलीतला पक्षी मात्र पोलिसाला दिसतो.

तिथला शब्दही लक्षात घ्या. 1887 मध्ये 'विणीचा हंगाम' म्हटले होते, 1912 मध्ये 'बंदीचा काळ'. पहिला शब्द पक्ष्याच्या आयुष्यातला, दुसरा सरकारी अधिसूचनेतला. हे दोन्ही काळ एकमेकांवर बसावेत हा सगळ्या नियमनाचा हेतू. ते कसे निसटतात याचे आपल्या माळरानावरचे उदाहरण म्हणजे तणमोर. एरवी हा पक्षी गवतात दिसतही नाही. पावसाळ्यात नर मादीला आकर्षित करण्यासाठी गवतातून वर उड्या मारू लागतो आणि तेव्हाच नजरेला पडतो. त्यामुळे शिकाऱ्यांचा हंगाम नेमका त्याच्या विणीच्या हंगामावर येऊन पडला. उडी मारणारा नर टिपायचा, ही 'मर्दुमकी' कित्येक वर्षे चालली. हंगाम हा शब्द नुसता सोडून देऊ नका, कोणाचा हंगाम ते आधी लिहा, असे मी आग्रहाने सांगतो ते यामुळे.

बंदीची कल्पना इंग्रजांबरोबर आली असे मात्र कुणी समजू नये. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर काढलेल्या आज्ञेत, न मारायच्या प्राण्यांची यादी आहे: 'सुके, सालिका, अलुने, चकवाके, हंसे...' पोपट, मैना, चक्रवाक, हंस अशी सुरुवातच पक्ष्यांनी होते. त्यासाठी शब्द आहे 'अवधिय', म्हणजे आपला 'अवध्य'. पुढे ठरावीक तिथी येतात: तीन चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा, त्यांच्या मागचा-पुढचा दिवस, उपोसथाचे, म्हणजे बौद्धांच्या उपवासाचे दिवस. त्या दिवशी मासे 'अवधिये नो पि विकेतविये'. मारू नयेत आणि विकूही नयेत. विक्रीची अट तेव्हाही बंदीला जोडलेली होती. हत्तींच्या रानांत आणि कोळ्यांच्या राखीव पाण्यांतही त्या तिथींना इतर जीव मारायचे नाहीत. गाभण आणि पाजत्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणींना अभय होते, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांनाही. 1912 च्या कायद्यातले 'मादी किंवा वाढ न झालेले' हे शब्द वाचताना मला हा लेख आठवल्याशिवाय राहत नाही. एक फरक मात्र भाषेत ठेवायला हवा: जो प्राणी कधीच मारायचा नाही तो 'अवध्य', जो काही दिवस मारायचा नाही त्याला 'बंदी'. माळढोक 1972 च्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत गेला, तेव्हा तो अवध्य झाला. त्याच्याबद्दल 'बंदीचा काळ' लिहिणे चूक ठरेल.

तेव्हा प्रश्नातले वाक्य मी असे लिहीन: 'बंदीच्या काळात शिकारीचे पक्षी मारायला परवानाधारकांनाही मनाई होती.'

उरला परवाना. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत 'लायसन्स'ला अनुज्ञप्ती आणि 'परमिट'ला परवाना असा भेद पाळतात. गाडी शिकणाऱ्याला 'शिकाऊ अनुज्ञप्ती' मिळते ती याच हिशेबाने. कायद्याचा मसुदा किंवा त्याचे अधिकृत भाषांतर करत असाल तर तो भेद पाळा. इतिहास सांगत असाल तर 'परवाना'च लिहा. बंदुकीचा परवाना, शिकारीचा परवाना ही बोलण्यातली रूपे आहेत आणि वाचकाला ती पुन्हा समजावून द्यावी लागत नाहीत. या दोन परवान्यांची सरमिसळ मात्र टाळायला हवी. बंदूक बाळगायची परवानगी शस्त्रांच्या कायद्याखाली, राखीव जंगलात शिकार करण्याची परवानगी वनकायद्याच्या नियमांखाली. एक हातात असला म्हणून दुसरा मिळाला असे नव्हते. 1912 च्या कायद्याची भिस्त तर परवान्यावर नव्हे, बंदीच्या काळावर होती, म्हणून 'त्या कायद्याने परवाना सक्तीचा केला' असे लिहिणे चुकीचे होईल.

इंग्लंडमध्ये परवान्याचा अर्थ आणखी निराळा होता. तिथे 1671 च्या कायद्याने शिकारीचा हक्क जमिनीला बांधला होता: वर्षाला 100 पौंड उत्पन्नाची मालकीची जमीन असेल, तो शिकार करणार. स्वतःच्या छोट्या शेतात उतरलेला पार्ट्रिजही लहान शेतकऱ्याला मारता येत नसे. 1831 मध्ये ही अट गेली आणि पैसे भरून वर्षाचे प्रमाणपत्र काढले की कुणालाही शिकार करता येऊ लागली, अर्थात जमीनमालकाच्या संमतीने. परवाना म्हणजे अडवणूक असे आपण धरून चालतो, तिथे तो अनेकांना पहिल्यांदा मिळालेला हक्क होता. हे प्रमाणपत्र पुढे परवाना झाले आणि इंग्लंड-वेल्समध्ये 2007 साली रद्द झाले. पक्ष्यांच्या बंदीच्या तारखा मात्र राहिल्या.

आपल्याकडे उलटे झाले. 1972 च्या कायद्यात विशेष, मोठ्या आणि लहान शिकारीचे वेगवेगळे परवाने होते, वन्यप्राणी पकडण्याचा परवाना आणखी वेगळा. 1991 च्या दुरुस्तीने ते सगळे गेले आणि त्यांच्याबरोबर बंदीच्या काळाचे कलमही गेले, कारण शिकारीलाच मनाई झाल्यावर वर्षाचे तुकडे पाडायची गरज राहिली नाही. म्हणून 1991 नंतरच्या भारताबद्दल लिहिताना 'शिकारीचा हंगाम', 'बंदीचा काळ' आणि 'शिकारीचा परवाना' हे तिन्ही शब्द भूतकाळी क्रियापदाबरोबरच वापरावेत. 'शिकारीचे पक्षी' हा शब्दही आता जुन्या नियमांच्या संदर्भातच ठेवावा, आजच्या तितराला आणि लाव्याला 'वन्य पक्षी' म्हणावे.