कार ऑडिओच्या एसपीएल स्पर्धा कशा चालतात आणि नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही फ्लोरिडात शिकत आहात, तुमच्या जुन्या हॅचबॅकच्या डिकीत दोन १२ इंची सबवूफर (खालचे, म्हणजे बेसचे स्वर वाजवणारे स्पीकर) आणि एक अ‍ॅम्प्लिफायर आहे, आणि आणखी मोठा अ‍ॅम्प घेतल्याशिवाय आवाजाच्या स्पर्धेत उतरण्यात अर्थ आहे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझे स्पष्ट मत असे की पहिल्या स्पर्धेआधी काहीही विकत घेऊ नये. तुमच्या गाडीच्या आवाजाचा आकडा मीटरवर किती येतो आणि तो कोणत्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे स्वराच्या कोणत्या कंपनसंख्येला येतो, हे कळण्याआधी केलेला खर्च बहुधा चुकीच्या जागी होतो.

आधी स्पर्धेची रीत सांगतो. या स्पर्धांना एसपीएल (साउंड प्रेशर लेव्हल) स्पर्धा म्हणतात, कारण त्यांत ध्वनीचा दाब डेसिबलमध्ये मोजला जातो. सुरेलपणा, स्पष्टता आणि मांडणीची सफाई यांचे गुण देणाऱ्या ध्वनिगुणवत्तेच्या स्पर्धा वेगळ्या असतात. अमेरिकेत इयास्का, मेका आणि डीबी ड्रॅग रेसिंग या संघटनांचे नियम प्रामुख्याने वापरले जातात. यांपैकी डीबी ड्रॅग वेन हॅरिस यांनी १९९० च्या दशकात सुरू केली आणि मोटारींच्या ड्रॅग शर्यतीप्रमाणे दोन गाड्या शेजारी उभ्या करून एकाच वेळी वाजवण्याची पद्धत रूढ केली. तुम्ही फ्लोरिडात असल्याने डेटोना बीचला भरणाऱ्या स्प्रिंग ब्रेक नॅशनल्सचे नाव जुन्या स्पर्धकांच्या तोंडी वारंवार ऐकाल. या छंदाच्या भरभराटीच्या काळात तो मोठा मेळा होता. नवशिक्याला मात्र एखाद्या ऑडिओच्या दुकानाच्या आवारात भरणारी लहान स्पर्धा अधिक सोयीची पडते.

नावनोंदणी झाली की परीक्षक गाडी पाहून तिचा वर्ग ठरवतो. वर्ग ठरवण्याचे निकष संघटनेनुसार बदलतात: कुठे सबवूफरच्या कोनांचे (हवा ढकलणाऱ्या शंकूसारख्या पडद्यांचे) एकूण क्षेत्रफळ आणि अ‍ॅम्पच्या फ्यूजची क्षमता पाहिली जाते, तर कुठे गाडीच्या मूळ रचनेत किती फेरफार केला आहे, यावर भर असतो. मूळ आसने आणि आतले अस्तर शाबूत असलेली रोजच्या वापराची गाडी आणि पुढच्या आसनांमागे थेट छतापर्यंत सबवूफरची भिंत उभारलेली गाडी यांना एकमेकींसमोर उभे करत नाहीत. म्हणून ज्या संघटनेच्या स्पर्धेत उतरायचे आहे, तिची चालू वर्षाची नियमावली आधी वाचावी. एखादी जास्तीची बॅटरीसुद्धा तुम्हाला वरच्या वर्गात ढकलू शकते, आणि तिथे तुमच्या गाडीला काहीच आशा उरत नाही.

त्यानंतर परीक्षक पुढच्या काचेवर, प्रवाशाच्या बाजूला, नियमाने ठरवलेल्या अंतरावर दाब मोजणारा सेन्सर चिकटवतो. टर्मलॅब नावाचे उपकरण यासाठी सर्रास वापरले जाते. दारे-खिडक्या लावल्या जातात, इशारा मिळतो आणि साधारण अर्ध्या मिनिटाच्या अवधीत तुम्ही जो सर्वोच्च आकडा गाठाल, तो नोंदला जातो. बहुतेक जण गाणे लावतच नाहीत. एकाच फ्रिक्वेन्सीचा शुद्ध स्वर दोन-तीन सेकंद सोडतात, ज्याला स्पर्धकांच्या बोलीत बर्प म्हणतात. जास्त वेळ वाजवल्यास व्हॉइस कॉइल, म्हणजे सबवूफरमधली तारेची गुंडाळी, तापते, तिचा रोध वाढतो, बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो आणि आकडा चढण्याऐवजी उतरतो.

तुमच्यासाठी मात्र मी बेस रेस हा प्रकार सुचवेन. त्यात प्रत्येक वर्गाला कमाल मर्यादा असते, उदाहरणार्थ १२९.९ किंवा १३९.९ डेसिबल, आणि अर्धा मिनिट संगीत वाजवून त्या मर्यादेच्या शक्य तितके जवळ पोहोचायचे असते. मर्यादा ओलांडली की ती फेरी हातची गेली. इथे पैशांपेक्षा आपल्या यंत्रणेची ओळख आणि आवाजाच्या बटणावरचा ताबा कामी येतो, त्यामुळे साध्या गाडीचा मालकही जिंकू शकतो.

आता अ‍ॅम्पच्या मुद्द्याकडे येतो. डेसिबल हे लॉगरिदमी माप आहे. शक्ती दुप्पट केली, म्हणजे १,००० वॅटचे २,००० वॅट केले, तरी इतर सर्व काही तसेच राहिल्यास फक्त ३ डेसिबल वाढतात. १० डेसिबल वाढवायला दहापट शक्ती लागते. उलट गाडीच्या नैसर्गिक अनुनादापासून, म्हणजे ज्या स्वराला गाडी आपोआप सर्वाधिक घुमते त्यापासून, दहा-बारा हर्ट्झ दूरचा स्वर वाजवत असाल, तर तो बदलल्याने एक पैसाही न खर्चता याहून अधिक मिळू शकते. बंद गाडीत खालच्या स्वरांचा दाब आपोआप वाढतो, कारण त्या स्वरांची तरंगलांबी गाडीच्या आतल्या जागेपेक्षा कितीतरी मोठी असते आणि सबवूफर तिथली सगळी हवा एकत्रच दाबतो व सोडतो. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास ७ मीटर आहे, हे लक्षात घेतले तर कारण उमगते. सबवूफरच्या पेटीचे ट्यूनिंग (ती ज्या स्वराला सर्वाधिक साथ देते तो स्वर), गाडीची लांबी आणि काचा-पत्र्यांचे लवणे या सगळ्यांच्या मेळातून प्रत्येक गाडीचा एक शिखरबिंदू ठरतो, जो बऱ्याच गाड्यांमध्ये ४० ते ६० हर्ट्झच्या दरम्यान सापडतो. ३० पासून ६५ हर्ट्झपर्यंतचे स्वर एकेक हर्ट्झने वाढवत, आवाज मध्यम ठेवून, मीटरसमोर वाजवा आणि आकडे वहीत उतरवा. सराव-फेरीचे शुल्क भरून परीक्षकाचा मीटर वापरता आला तर उत्तमच. पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी मुद्दाम भोक ठेवलेली पेटी असेल तर तिच्या ट्यूनिंगच्या फार खाली जाऊ नका, कारण तिथे कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो मर्यादेबाहेर हलून सबवूफर निकामी होऊ शकतो.

विजेची बाजू बहुतेक नवशिके दुर्लक्षित ठेवतात. अ‍ॅम्पवर १,५०० वॅट लिहिलेले असते ते १ ओहमच्या भारावर. पण पेटीत बसवलेल्या सबवूफरचा प्रत्यक्ष रोध वाजवताना फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो, आणि तो ३ ओहमपर्यंत चढला तर त्याच अ‍ॅम्पमधून सुमारे ५०० वॅटच बाहेर पडतात. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट असलेला पुरवठा भाराखाली १२ पर्यंत कोसळला, तर बहुतांश अ‍ॅम्पची शक्ती जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी वायरिंगवर करावा: अल्टरनेटरपासून (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्रापासून) बॅटरीपर्यंतची, बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीपर्यंतची आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतची अशा तीन तारा जाड आणि शुद्ध तांब्याच्या बसवाव्यात. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण त्याच जाडीत ती कमी प्रवाह वाहते. अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या मुख्य तारेवर बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. तो नसेल आणि तार कुठे घासून बॉडीला टेकली, तर गाडी पेट घेते. याबाबत तडजोड नको.

मोठ्या वर्गांतल्या गाड्या पाहाल तेव्हा त्यांच्या काचा जाड अ‍ॅक्रिलिकच्या, दारे शिकंज्यांनी आवळलेली आणि पोकळ्या काँक्रीटने भरलेल्या दिसतील. हा वेडेपणा वाटला तरी त्यामागे हिशेब आहे. १५० डेसिबलला दाब सुमारे ६३० पास्कल असतो, म्हणजे काचेच्या दर चौरस मीटरवर साठ-पासष्ट किलो वजनाएवढे बल ५० हर्ट्झच्या स्वरात सेकंदाला पन्नास वेळा आत-बाहेर होते; त्यात काच आणि छत जितके लवेल, तितका दाब वाया जातो. सर्वांत वरच्या वर्गात १८० डेसिबलच्या पलीकडचे आकडे नोंदले गेले आहेत. १८० डेसिबल म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जवळपास पाचवा हिस्सा, त्यामुळे अशा गाड्यांत वाजवताना कोणी बसत नाही. मालक बाहेरून रिमोट दाबतो. तुमच्या हॅचबॅकमध्ये निदान नंबरप्लेट, डिकीचे झाकण आणि सैल प्लास्टिक घट्ट करून घ्या. एवढ्यानेही निरर्थक खडखड थांबते.

आता थोडे कानांविषयी. महाराष्ट्रात गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेचे जे आकडे वर्तमानपत्रांत येतात, त्यांच्याशी या आकड्यांची तुलना करू नये. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती कानाच्या संवेदनशीलतेनुसार भारित केलेल्या, म्हणजे ‘ए’ मापाने मोजली जाते. त्या मापात ५० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. स्पर्धेत असा भार लावत नाहीत. त्यामुळे ५० हर्ट्झचे १४० डेसिबल हे ‘ए’ मापाने ११० च्या आसपास भरतात. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत: कामाच्या जागेवरच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दिवसभरात ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला निम्मा वेळ असे गणित आहे, ज्यानुसार ११० ला जेमतेम दीड मिनिट उरते. गाडीत बसून वाजवणार असाल तर फोमचे बूच आणि त्यावर कान झाकणारे संरक्षक दोन्ही घाला, आणि सराव करताना मित्रांना हौस म्हणून आत बसवू नका.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. फ्लोरिडात २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार रस्त्यावरच्या गाडीतला आवाज २५ फुटांवर स्पष्ट ऐकू आला तर दंड होऊ शकतो, त्यामुळे फ्रिक्वेन्सी शोधण्याचे काम वसतिगृहाच्या पार्किंगमध्ये करू नका. ज्या दुकानाच्या आवारात स्पर्धा भरते, त्यांना आधी विचारले तर ते सरावासाठी एखादी दुपार देतात का, हे कळेल. जाताना गाडीची पूर्ण चार्ज केलेली बॅटरी, जास्तीचे फ्यूज, मल्टिमीटर, स्वरांच्या फाइली असलेला पेनड्राइव्ह आणि ती वही एवढे सोबत असले की पहिल्या दिवसाला पुरेसे आहे.