स्टेटमेंटमध्ये अनोळखी फर्निचरच्या दुकानाचं नाव आलंय, काहीच घेतलेलं नाही. लगेच कार्ड ब्लॉक करू का?

कार्ड अजून तुमच्याकडेच असेल आणि स्टेटमेंटमधल्या त्या ओळीच्या व्यवहारासाठी ओटीपी किंवा इतर कुठला संशयास्पद मेसेज आलेला नसेल, तर आधी ॲपमधून कार्ड तात्पुरतं लॉक करा. ते पुन्हा उघडता येतं. कायमचं ब्लॉक केलं की नंबर बदलतो आणि त्यावरून आपोआप भरली जाणारी बिलं अडकू शकतात.

मग त्या ओळीची ओळख पटवायची. स्टेटमेंटवरच्या नावावर फार विसंबू नका. त्या रकान्यात जेमतेम २२ ते २५ अक्षरं मावतात, आणि दुकानाच्या पाटीऐवजी कंपनीचं नोंदणीचं नाव येऊ शकतं. शहरही मुख्य कार्यालयाचं असू शकतं. नावात मध्येच तारांकन (*) दिसलं, तर डावीकडे बहुधा पेमेंट सेवा आणि उजवीकडे खरा विक्रेता असतो. 'फर्निचर' हा शिक्का दुकानाच्या ५७१२ या वर्ग-कोडवरून (धंद्याचा प्रकार सांगणारा आकडा) पडतो. तो कोड अख्ख्या दुकानाला मिळतो, वस्तूला नाही. त्यामुळे तिथून घेतलेला दिवा किंवा उशीही 'फर्निचर' म्हणूनच दिसते.

खरी गंमत तारखेत आहे. काही ऑनलाइन फर्निचरवाले ऑर्डर दिल्यावर नाही, तर माल निघतो तेव्हा पैसे कापतात. टेबल आणि खुर्च्या वेगवेगळ्या गोदामांतून आल्या, तर एका ऑर्डरच्या दोन-तीन ओळी होतात, आणि एकही रक्कम ऑर्डरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. डिलिव्हरी, जोडणी, आगाऊ रकमेनंतरची बाकी हेही वेगळं कापलं जातं. म्हणून ईमेलमध्ये नाव शोधण्यापेक्षा रक्कम शोधा, पैशांपर्यंत अचूक, आणि निदान दोन-तीन महिने मागे जा. घरात ॲड-ऑन कार्ड (तुमच्याच खात्यावरचं जादा कार्ड) कोणाकडे आहे, कोणाच्या फोनवर तुमचं कार्ड सेव्ह आहे, हेही विचारा. फोनवरून टॅप केलं असेल तर पावतीवरचे शेवटचे चार आकडे कार्डापेक्षा वेगळे असू शकतात, त्यावरून गोंधळू नका.

व्यवहार 'पेंडिंग' असेल तर तो नुसता अडवलेला पैसा आहे, रक्कम बदलू शकते किंवा आपोआप सुटूही शकते. रकमेबद्दलची तक्रार साधारणपणे तो पक्का झाल्यावरच नोंदवून घेतात, पण फसवणूक वाटली तर बँकेला लगेच कळवा.

तरीही उलगडा झाला नाही, तर कार्डामागच्या नंबरवरच फोन करा. सर्चमध्ये सापडलेल्या 'कस्टमर केअर'वर नको, तिथे भामटे बसलेले असतात. बँकेकडून विक्रेत्याचं पूर्ण नाव आणि संपर्क मागा. व्यवहार पक्का झाला असेल तर २३ आकडी एआरएन (त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) ही घ्या, दुकानाला बँकेमार्फत व्यवहार शोधायला तो लागतो.

बोलताना शब्द जपून वापरा. 'मी हा व्यवहार ओळखत नाही, तपशील हवा' आणि 'हा व्यवहार मी केला नाही' ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. दुसरं म्हटलं की फसवणुकीची केस उघडते आणि कार्ड बदललं जातं. नंतर तो खर्च घरच्याच कोणी केलेला निघाला, तर केस तुमच्या विरोधात जाऊ शकते. माल घेतला पण दोनदा पैसे गेले, किंवा परत केलेल्या मालाचे पैसे आले नाहीत, हे तिसरंच प्रकरण. ते आधी दुकानाकडे लेखी मांडा.

मात्र आजूबाजूला आणखी अनोळखी ओळी, विशेषतः अगदी किरकोळ रकमेच्या, दिसल्या तर शोधाशोध सोडा. चोरलेलं कार्ड चालतंय का हे बघायला आधी छोटी रक्कम टाकून पाहतात. अशा वेळी कार्ड थेट ब्लॉक करा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक घ्या.