मी एका सर्व्हरवर, मित्र दुसऱ्यावर. मॅस्टोडॉनवरचं हे फेडरेशन म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय, मित्राला फॉलो केलं पण त्याच्या जुन्या पोस्ट दिसत नाहीत, आणि एकच हॅशटॅग शोधला तर दोघांना वेगवेगळं दिसतं. काही बिघडलेलं नाही. हेच फेडरेशन: ट्विटरसारखं हे माध्यम एका कंपनीच्या नव्हे, तर एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालतं.

ईमेलचं उदाहरण सगळे देतात (जीमेलवरून याहूला मेल जातो तसं), पण त्यातून तुमचं कोडं सुटत नाही. मला गावातलं वाचनालय जवळचं वाटतं. सभासदांनी मागितलेलीच मासिकं तिथे येतात, आणि वर्गणी भरण्याआधीचे अंक आपोआप येत नाहीत. तुम्ही ‘फॉलो’ दाबलंत की तुमचा सर्व्हर मित्राच्या सर्व्हरकडे तशी मागणी पाठवतो. ती मंजूर झाली की पुढची प्रत्येक नवी पोस्ट तुमच्या सर्व्हरवर येते. तुम्ही वाचता ती इथे साठवलेली प्रत. म्हणजे ‘फेडरेटेड’ टाइमलाइन (सगळीकडून आलेल्या पोस्टची यादी) हे अख्खं जग नव्हे; तुमच्या सर्व्हरवरच्या मंडळींनी जे मागवलं, त्याचीच ती गोळाबेरीज. हॅशटॅगचंही तेच. छोट्या सर्व्हरवर सुरुवातीला शुकशुकाट वाटतो तो यामुळेच, तेव्हा फॉलो करताना हात आखडता घेऊ नका.

सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती भाषा म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने जानेवारी २०१८मध्ये ती प्रमाण म्हणून मान्य केली. म्हणून मॅस्टोडॉनवरून पिक्सेलफेडवरचे फोटो किंवा पीअरट्यूबवरचे व्हिडिओसुद्धा फॉलो करता येतात.

बोलणं तोडताही येतं. २०१९मध्ये गॅब हे अतिउजव्यांचं समाजमाध्यम मॅस्टोडॉनच्या कोडवर आलं, तेव्हा अनेक अ‍ॅडमिननी (म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यांनी) त्याला दारातच अडवलं. तुमच्या अ‍ॅडमिनने मित्राचा सर्व्हर असा तोडला, तर तुमची मैत्री कामाला येत नाही.

त्याच वर्षी वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि नोव्हेंबरात भारतातून बरीच मंडळी इकडे वळली. त्या लाटेत मीही आलो, एका हौशी माणसाच्या सर्व्हरवर. पुढे त्याने तो गुंडाळला. आधी सूचना दिली होती, म्हणून फॉलोअर नव्या खात्यावर नेता आले. पोस्ट मात्र तिथेच राहिल्या, अडीच वर्षांच्या.

आणि हो, पोस्ट पुसलीत तर बाकीच्या सर्व्हरांना ‘पुसा’ असा निरोप जातो, पण तो पाळणं त्यांच्या हातात. खासगी संदेशही एन्क्रिप्टेड (इतरांना वाचता येणार नाहीत असे कुलूपबंद) नसतात. दोन्हीकडच्या अ‍ॅडमिनना ते वाचता येऊ शकतात, तेव्हा बँकेचं काही तिथे लिहू नका.