गाडीचे प्रश्न : कुरकुर आणि वंगण

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची असून ८२,००० किलोमीटर चालली आहे. गतिरोधकावरून सावकाश जाताना आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवताना पुढच्या डाव्या चाकाकडून कुरकुर ऐकू येते. थंडीतल्या सकाळी ती जास्त असते. एका गॅरेजने खालून ऑइलचा फवारा मारून दिला, तेव्हा दहा दिवस शांततेत गेले. दुसऱ्याने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, पण आवाज जिथल्या तिथे आहे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात गाडी दिवसभर अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. त्याचा याच्याशी संबंध असेल का?
– एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : संबंध असू शकतो, पण तिकडे शेवटी येतो. आधी आपल्याच वर्णनातली एक गोष्ट पाहू. आपण ‘कुरकुर’ म्हणता, ‘खडखड’ म्हणत नाही, आणि हा फरक मोठा आहे. खडखड किंवा टकटक बहुधा सैल झालेल्या, एकमेकांवर आपटणाऱ्या भागांची असते. कुरकुर मात्र घट्ट बसलेल्या दोन पृष्ठभागांची असते, जे क्षणभर चिकटतात आणि क्षणभर सरकतात. म्हणून आपल्या गाडीत काय सैल झाले, याऐवजी काय कोरडे पडले किंवा काय गंजले, हे शोधायला हवे. शॉकअप बदलून आवाज गेला नाही, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

आता आवाज कधी येतो ते पाहा. अँटी-रोल बारला, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांडीला, धरून ठेवणारे रबरी डी-बुश चाक वरखाली झाले की कामाला येतात. स्टीअरिंगशी त्यांचे फारसे देणेघेणे नसते. शॉकअपच्या माथ्यावरच्या माउंटिंगमधले बेअरिंग याच्या उलट, म्हणजे मुख्यतः स्टीअरिंग वळवताना फिरते. दोन्ही वेळी हालणारा मुख्य सांधा म्हणजे लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, टोकाचा बॉल जॉइंट; वाटीत फिरणारा गोळा, असे त्याचे रूप. आपल्याकडे आवाज दोन्ही वेळी येतो, तेव्हा माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. अर्थात नऊ वर्षांच्या गाडीत दोन दोष एकाच वेळी नांदत असतील, हेही शक्य आहे.

संशय पारखायला खर्च लागत नाही. गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करावी, घरातल्या कोणाला तरी स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगावे आणि आपण बॉनेट उघडून माउंटिंगच्या माथ्यावर तळहात ठेवावा. बेअरिंग अडकत असेल, तर स्प्रिंग आधी पिळली जाते आणि मग झटक्याने सुटते. तो झटका हाताला स्पष्ट जाणवतो. तिथे काही जाणवले नाही, तर एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचे टोक लोअर आर्मवर, बॉल जॉइंटच्या जवळ, टेकवावे आणि मूठ कानाला लावावी. डॉक्टरच्या नळीइतकेच ते काम करते. हे करताना बोटे टायर आणि मडगार्डच्या मध्ये जाऊ देऊ नयेत, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

दुसरी चाचणी पाण्याची. बागेतल्या फवाऱ्याने एका वेळी एकाच बुशवर पाणी मारावे आणि बॉनेटच्या कडेवर भार देऊन गाडी चार-पाच वेळा दाबावी. ज्या बुशला पाणी लागताच कुरकुर थांबली, तो बुश दोषी. पावसाळ्यात आवाज गेला आणि नवरात्रात परत आला, अशी तक्रार करणाऱ्यांचे कोडेही इथेच सुटते. बॉल जॉइंट मात्र रबरी टोपीखाली बंद असतो, त्यामुळे बाहेरच्या पाण्याने तो सहसा गप्प बसत नाही. सगळे बुश भिजवूनही आवाज राहिला, तर माझा संशय खरा धरावा.

आणि इथेच पुराचा प्रश्न येतो. बॉल जॉइंटमधले ग्रीस कारखान्यात एकदाच भरलेले असते. टोपीला केसाएवढी चीर असली, तरी विश्वामित्री नदीचे गाळाचे पाणी आत शिरते, ग्रीस हटते आणि चकचकीत गोळ्याला गंज धरतो. हे काम सावकाश, महिनोन्‌महिने चालते, म्हणून आवाज पुरानंतर लगेच आला नाही यावरून काही सिद्ध होत नाही. टोपी फाटलेली दिसली किंवा टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म उचलल्यावर सांध्यात हालचाल आढळली, तर तो जॉइंट तत्काळ बदलावा आणि तोवर हायवेवर जाऊ नये, कारण हा सांधा निखळला की चाक आडवे होते. काही गाड्यांत तो सुटा मिळतो, काहींत पूर्ण लोअर आर्म घ्यावा लागतो; काहीही बदलले तरी नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. दुसऱ्या गॅरेजचे बिलही एकदा पाहावे. त्यात माउंटिंग लिहिलेले नसेल, तर नव्या शॉकअपवर जुनेच बेअरिंग बसले आहे.

फवाऱ्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. बैलगाडीच्या आसाला वंगण घातले की कुरकुर थांबते, हे शहाणपण आपल्या हाडीमाशी खिळले आहे आणि आसासाठी ते खरेही आहे. रबर हा आस नव्हे. जळके इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यांनी रबर फुगते, मऊ पडते आणि शेवटी चिरते; शिवाय त्या चिकट थरावर धूळ बसून पुढची कुरकुर तयार होते. तपासासाठी किंवा दोन दिवस निभावण्यासाठी काही लावायचेच असेल, तर सिलिकॉनचा फवारा वापरावा.

प्रश्न : दोन्ही लोअर आर्मचे बुश बदलून चारच महिने झाले आणि पुन्हा करकर सुरू झाली. मेकॅनिक म्हणतात, पार्टच हलका होता. ते खरे मानावे का?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : पार्ट हलका असू शकतो, परंतु मी आधी बोल्ट कसा आवळला ते विचारीन. हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी बोल्टने बॉडीला जखडलेली, बाहेरचे कडे आर्ममध्ये ठोकलेले आणि मधले रबर दोघांना चिकटलेले असते. आर्म हलतो तेव्हा ते रबर पिळले जाते आणि परत येते. लिफ्टवर चाके लटकत असताना आर्म बराच खाली झुकतो. त्या अवस्थेत बोल्ट घट्ट केला, तर गाडी जमिनीवर आल्याक्षणी रबर कायमचे पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. दांडिया बाजारात पंधरा मिनिटे वाचवण्यासाठी लिफ्टवरच पाना मारून गाडी खाली घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

गाडी पिटवर, म्हणजे गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर, घ्यावी, म्हणजे वजन चाकांवरच राहील. तिथे रबर चिरलेले किंवा नळीपासून सुटलेले नाही, याची खात्री करून बोल्ट सैल करायला सांगावे. पिळलेला बुश असेल तर नळी किंचित फिरून आपल्या जागी येते आणि ते टॉर्चच्या उजेडात दिसते. मग गाडी दोन-तीनदा दाबून सोडावी आणि ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना कंपनीच्या मापाने लावावा. चीर दिसली, तर बुश पुन्हा घ्यावा लागेल, आणि त्याची मजुरी त्या गॅरेजनेच सोसायला हवी.