टूर सोडली, आता शिकवू का?

प्रश्न : बरीच वर्षं टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, गोल्फ खेळलो. कट हुकला, म्हणजे पहिल्या फेऱ्यांनंतर पुढे जाता आलं नाही, की त्या आठवड्याची कमाई शून्य आणि प्रवासखर्च खिशातून. आता शिकवायचं ठरवतोय. नावावर विद्यार्थी मिळतील ना?

उत्तर : मिळतील. टिकतील मात्र त्यांचा चेंडू सुधारला तरच. आपण स्वतः काय करतो, हे चांगल्या खेळाडूला नेमकं सांगता येतंच असं नाही. चेंडू स्विंगच्या पाथच्या (फटका मारताना क्लब म्हणजे काठी ज्या वाटेने जाते तिच्या) दिशेने निघतो, असं पूर्वी सर्रास शिकवलं जायचं. रडारवर चालणारी यंत्रं आल्यावर कळलं की सुरुवातीची दिशा मुख्यतः क्लबफेस (काठीचा चेंडूला लागणारा भाग) ठरवतो आणि चेंडू वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. (हे ऐकून जुने खेळाडू आधी हसतात, मग स्क्रीनकडे बघून गप्प होतात.)

उजव्या हाताने खेळणारा एखादा नवशिका घ्या. त्याचा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो. मग तो आणखी डावीकडे नेम धरतो, पाथ अजून डावीकडे जातो आणि स्लाइस, म्हणजे चेंडूचं हे उजवीकडे वळणं, वाढतच राहते. तुम्ही त्याच्या मागे, चेंडूच्या रेषेत उभे राहा आणि चेंडू कुठून निघाला ते आधी पाहा. मग ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पद्धत, बघा. वरून पाहताना त्याला डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांपैकी एकाचाच उंचवटा दिसत असेल, तर हात थोडा उजवीकडे फिरवून दोन-तीन दिसू द्या. बरेचदा पहिल्या तासाला एवढं पुरतं. तुमचा स्वतःचा स्विंग त्याला दाखवत बसू नका.

प्रश्न : शिकवायला लागलो की स्पर्धा बंदच का?

उत्तर : तसं काही नाही. अमेरिकेचे क्लॉड हार्मन एका गोल्फ क्लबवर शिकवायची नोकरी करत होते आणि 1948 साली मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकले. पण असं क्वचितच होतं. त्यांचे चिरंजीव बुच यांचं खेळाडू म्हणून फारसं नाव झालं नाही, पण पुढे टायगर वुड्सचे प्रशिक्षक म्हणून जगाने त्यांना ओळखलं. सरावाला वेळ उरणार नाही, हे मात्र धरून चाला.

प्रश्न : मी हौशी खेळाडू आहे. पैसे घेऊन थोडंफार शिकवलं तर चालेल?

उत्तर : मोजके अपवाद सोडले तर हौशी दर्जा, म्हणजे हौशी खेळाडू म्हणून स्पर्धेत उतरायचा हक्क, जातो. तो परत मिळवायला अर्ज करावा लागतो. आधी विचारून घ्या.

प्रश्न : माझे शिक्षक माजी टूर खेळाडू. पहिल्याच तासात त्यांनी सगळा स्विंग मोडला आणि माझा खेळ पार बिघडला. धीर धरू का?

उत्तर : इंग्लंडचे खेळाडू निक फाल्डो यांनी प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरकडे स्विंग नव्याने घडवला आणि 1987 साली ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली, हे उदाहरण तुम्हाला ऐकवलं जाईल. पण फाल्डो दिवसभर चेंडू मारत होते आणि या कामाला त्यांना दोनएक वर्षं लागली. तुम्ही आठवड्यातून एकदा खेळता. सध्या कोणती एक गोष्ट बदलतोय आणि चेंडूत काय फरक दिसायला हवा, हे शिक्षकांना सरळ विचारा. उत्तर गोलमोल आलं, तर दुसरे शिक्षक शोधा.